निळ्या टोपीखालचं काम

माझा धंदा फ्लेक्स छापायचा. अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आमच्याकडे मूल जन्मलं की बारशाचा बॅनर, दहावी पास झालं की अभिनंदनाचा, नवी गाडी घेतली तरी एक बॅनर, आणि गेला माणूस की श्रद्धांजलीचा. प्रत्येकाला फोटोत गोरं व्हायचं असतं आणि पोट आत घ्यायचं असतं. श्रद्धांजलीवाल्याच्या घरचेसुद्धा सांगतात, "बाबांचं पोट जरा कमी कर रे." मला या सगळ्याचा मनापासून वैताग आहे. पण घर त्यावरच चालतं, म्हणून मी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि पोट कमी करून देतो.

गेल्या उन्हाळ्यात पालेगावचे हरिचंद्र गायकर दुकानात आले. आम्ही सगळे त्यांना हरीकाका म्हणतो. त्यांच्या मुलाचं, भूपेशचं लग्न ठरलं होतं आणि त्याचे बॅनर मी आधीच छापून ठेवले होते.

"त्याचा नाय रं," काका खुर्चीत बसत म्हणाले. "जिज्ञासाचा पायजे. बाय येते माझी, भावाचे हलदीला. नाक्याव लागंल आसा मोठा कर. डोक्याव निली टोपी घाल. आन हातात बंदुक दे."

"बंदूक? काका, ती इंजिनीअर आहे ना?"

"मंग? शांतिसेनेत हाय ती! फौजंतला इंजिनीअर काय मोकल्या हातानी फिरतो?"

वाद घालून उपयोग नव्हता. मी कुठल्यातरी धिप्पाड जवानाचा फोटो घेतला, त्यावर जिज्ञासाचा पासपोर्टवाला चेहरा बसवला, डोक्यावर निळं शिरस्त्राण चढवलं आणि खाली लिहिलं, 'पालेगावची रणरागिणी, विश्वशांतीची रक्षणकर्ती, कु. जिज्ञासा हरिचंद्र गायकर हिचे सहर्ष स्वागत.' उल्हासनगरच्या ज्या सिंधी शेठकडून मी फ्लेक्सचे रोल आणतो, तो त्या दिवशी दुकानात माल टाकायला आला होता. बॅनर बघून म्हणाला, "साईं, ये लडकी है कि पूरी बटालियन?" काकांना ते फार आवडलं.

आता काकांबद्दल सांगायला हवं. पालेगावात एके काळी त्यांची भाताची खाचरं होती. तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत, आणि त्याच सोसायट्यांना काका पाण्याचे टँकर पुरवतात. हा झाला सगळ्यांना माहीत असलेला धंदा. त्यांचा दुसराही एक टँकर होता, ज्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत. तो मैला उपसायचा. बदलापूरपर्यंतच्या ज्या इमारतींना गटाराची लाइन नाही, त्यांच्या संडासांच्या टाक्या काकांचा टँकर रिकाम्या करायचा. ती गाडी ते गावात कधी आणत नसत. आनंदनगर एमआयडीसीत एका शेडच्या मागे उभी करायचे, तिथल्याच नळावर साबण लावून अंघोळ करायचे, कपडे बदलायचे आणि मग घरी यायचे.

याला कारण घडलं होतं. जिज्ञासा प्राथमिक शाळेत असताना काका एकदा ती गाडी घेऊन शाळेसमोरून गेले. जिज्ञासाच्या वर्गातल्या एका पोरीने नाक दाबलं आणि तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलली. काकांनी ते स्टेअरिंगवरून पाहिलं. पोरगी रडली नाही की घरी येऊन काही बोलली नाही, पण काकांनी त्या दिवसापासून गाडी गावाबाहेर नेली ती नेलीच. "माझे बायचे नाकात हा वास पुन्ना जाता नये," एवढंच ते मला एकदा म्हणाले होते. पोरीला शिकवायचं, साहेब करायचं, या वासापासून जेवढं लांब नेता येईल तेवढं न्यायचं, हा त्यांचा एकच ध्यास होता.

पोरीची गंमत अशी की तिला ती गाडी भयंकर आवडायची. आमच्या या भागात नाकाला आराम नसतो. वालधुनी नदीच्या पुलावरून जाताना आम्ही सगळे श्वास रोखतो. जिज्ञासा मात्र मुद्दाम हुंगायची आणि "आज वेगळा वास आहे" असं म्हणायची. एका होळीच्या सुट्टीत ती काकांच्या ड्रायव्हरच्या, बाळाच्या, मागे लागून लपूनछपून गाडीत चढली. बदलापूरच्या एका सोसायटीत विहिरीला घाण वास येत होता आणि बिल्डर शपथा घेत होता की टाकी पक्की आहे. काकांनी वाद घातला नाही. रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग त्यांनी संडासात ओतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी विहीर गुलाबी झाली. बिल्डरचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. जिज्ञासाने ही हकिकत मला इतक्या वेळा सांगितली आहे की आता मला वाटतं, मीही तिथे होतो.

इंजिनीअरिंगला असताना तिचे सगळे प्रोजेक्ट माझ्या दुकानात छापले गेले. ती रोलवर बसून चहा प्यायची आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची. पर्यावरण अभियांत्रिकी हा विषय तिने घेतला तेव्हा काकांना वाटलं, झाडंबिडं लावायची असतील. पोरीने तो गैरसमज काढला नाही. पुढे मुंबईत नोकरी केली आणि मग आंतरराष्ट्रीय शांतिसेनेत निवड झाल्याचं पत्र आलं. काकांनी 'शांति' सोडून दिलं, 'सेना' तेवढं धरलं, आणि गावभर पेढे वाटले.

ती आली त्याच दिवशी दुपारी दुकानात टपकली. उन्हाने रापलेली, केस कापलेले, आणि हसण्याचा आवाज तसाच, समोरच्या मेडिकलवाल्याने डोकं बाहेर काढावं इतका.

"महेशदादा, नाक्यावर तू माझं काय करून ठेवलंयस?"

"तुझ्या वडिलांनी केलंय. मी फक्त छापलं."

"ती बंदूक आधी काढ. फोटो कोणी माझ्या ऑफिसात पाठवला तर माझी चौकशी लागेल. दादा, मी सिव्हिलियन आहे. आम्हाला गणवेशसुद्धा नसतो. टोपी तेवढी निळी, ती पण उन्हासाठी."

"मग तू तिथे करतेस तरी काय?"

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि आवाज कमी केला. "छावणीत तीन-चार देशांच्या पलटणी असतात. सगळे जेवतात, सगळे अंघोळी करतात आणि सगळे सकाळी एकाच वेळी संडासला जातात. शांतता ते राखतात. बाकी सगळं कुठे जातं, ते मी बघते."

मी इतका हसलो की मशीनवर चाललेला कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर तिरका छापला गेला.

मग तिने सगळं सांगितलं. आफ्रिकेतला तो देश, जिथे भावाभावांची लढाई संपता संपत नाही. लाल मातीचं मैदान, त्यावर पत्र्याच्या खोल्या, दिवसरात्र धडधडणारे जनरेटर. जनरेटरचं डिझेल जमिनीत मुरतंय का ते बघायचं, दवाखान्यातली घाण नीट जळते का ते बघायचं, जुन्या बॅटऱ्या मोजून परत पाठवायच्या, आणि सांडपाण्याच्या प्रकल्पापाशी सकाळ-संध्याकाळ नाक घेऊन उभं राहायचं. छावणीच्या खालच्या अंगाला एक ओढा होता आणि ओढ्याच्या काठी गाव. तिथल्या बायका त्याच ओढ्यातून हंडे भरायच्या.

"जगाला शांत करायला गेलेल्या लोकांनी तिथल्या पोरांना जुलाब लावले, तर त्यांची शांतता कोण घेणार दादा?" ती म्हणाली. हे बोलताना ती हसत नव्हती.

एकदा तिला ओढ्याच्या पाण्यावर फेस दिसला आणि वास आला. तिने नमुने तपासले, पाण्यात घाण होती. जवळ ज्या पलटणीची छावणी होती तिचा मेजर हटून बसला. आमची टाकी पक्की आहे, कागद बघा, म्हणाला. गळती शोधायचा खास रंग मागवायचा तर विमानाने यायला किती आठवडे लागतील कोणी सांगू शकत नव्हतं. जिज्ञासा सरळ भारतीय पलटणीच्या मुदपाकखान्यात गेली. तिथला आचारी सणावाराला बर्फी करायचा, त्याच्याकडे खायचा हिरवा रंग होता. तिने आपल्या साहेबांची परवानगी काढली, गावातल्या बायकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं, त्यांच्यासाठी स्वच्छ पाण्याचा टँकर पाठवला, आणि मेजरच्या संडासांत बर्फीचा रंग ओतला. दुसऱ्या दिवशी ओढ्याची एक कड पोपटी झाली. मेजर काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. मग त्याने स्वतः फावडं घेतलं, माणसं लावली आणि फुटलेली टाकी उकरून काढली. जाताना तिला विचारलं, ही युक्ती कुठल्या विद्यापीठात शिकलात?

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, बदलापूरला." ती पुन्हा हसली, आणि ग्लास पुढे सरकवला. "बाबांना मात्र सांगता येत नाही. मला मोठ्या जागेवर बोलावलंय, अख्ख्या मोहिमेचा पर्यावरण विभाग बघायला. लग्न उरकलं की जायचं. जायच्या आधी त्यांना खरं सांगायचं ठरवून आलेय, पण विमानतळावर उतरल्यापासून ते रणरागिणी रणरागिणी करतायत. ज्या वासापासून मला लांब ठेवायला ते जन्मभर राबले, तोच वास मी पगार घेऊन हुंगते. हे ऐकून त्यांचं काय होईल?"

मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि बंदुकीच्या जागी चिकटवायला एक पांढरं कबूतर छापून दिलं. ते नेमकं हाताच्या मुठीवर बसलं. नाक्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, शांतिसेनेच्या अधिकारी बाई कोंबडी धरून उभ्या आहेत.

भूपेशची हळद म्हणजे अख्खं पालेगाव, शिवाय अंबरनाथ आणि उल्हासनगरची निम्मी ओळखीपाळखीची माणसं. दुपारपासून गावचे पुरुष मोठाल्या टोपांवर मटण शिजवत होते. मांडवात धवलारीण चिमीआजी पाटावर बसून लग्नाची गाणी म्हणत होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या बरोबरीने या बाईचा मान. भूपेश हळदीने पिवळा होऊन बसला होता. एकदा हळद लागली की नवऱ्या मुलाला मांडवाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. समोर डीजे, माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर, आणि त्यापुढे नाचणारी पिवळी गर्दी. त्या गर्दीत ड्रायव्हर बाळासुद्धा चार घोट लावून, डोक्याला रुमाल बांधून नाचत होता. बदलापूरहून व्याही हेमचंद्र चार माणसं घेऊन मानाने आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते.

दिवे लागायच्या सुमाराला हरीकाकांनी मला कोपऱ्यात ओढलं. चेहरा पांढराफटक.

"महेश, फिनेल आन. पटकन."

"काय झालं?"

त्यांनी डोळ्यांनी दाखवलं. डीजेच्या स्टेजखालून एक काळा ओघळ हळूहळू मांडवाकडे निघाला होता. सकाळपासून एवढं गाव जेवत होतं, पाणी पीत होतं आणि काकांच्याच घरच्या संडासात जात होतं. टाकी तुंबली होती. साऱ्या सोसायट्यांच्या टाक्या वेळेवर उपसणारा माणूस लग्नाच्या धांदलीत स्वतःची विसरला होता. आणि त्याहून भारी म्हणजे, टाकीच्या झाकणावर त्यांनी स्वतः उभं राहून डीजेचं स्टेज बांधून घेतलं होतं.

"गाडी मागवा ना काका."

"व्याह्यांसमोर? बायसमोर? येरा झालास? तू फिनेल मार."

मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती. इतक्यात पिवळी साडी खोचलेली जिज्ञासा गर्दीतून वाट काढत आली. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. तिने एकदा नाक वर केलं.

"बाबा, झाकन कुठं हाय?"

काकांनी तोंड फिरवलं. मीच स्टेजकडे बोट केलं. तिने कपाळाला हात लावला, खळखळून हसली आणि सरळ स्टेजवर चढली. आमच्याकडे हळदीचा डीजे बंद पाडायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. पोलीस येतात तेही आधी खालून हात जोडतात. तिने डीजेवाल्या पोराच्या हातातून माइक घेतला, एक बटण दाबलं आणि सगळा आवाज थांबला. नाचणारे हात वर तसेच राहिले.

"सगल्यांनी मागं व्हा. स्टेज हालवायचाय. जेवन तयार हाय, कोनी उपाशी जानार नाय. धा मिन्टांचा काम हाय!"

अशा आवाजात ती बोलली की बाप्ये निमूट पुढे झाले आणि स्पीकर उचलू लागले. ती खाली उतरून काकांसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"बाबा, गारीची चावी."

"तू नाय," काका हळूच म्हणाले. "बाला आनील. तू साहेब हाईस, तू पाहुन्यांत बस."

"बाला सरल उभा तरी राहतो का बघा. चावी द्या."

"बाय, हा काम तुझा नाय!"

"माझाच हाय!" तिचा आवाज चढला. "बाबा, तिकडं मी हेच काम करतंय. बंदुक नाय, कवाच नव्हती. छावनीतले संडास, त्यांच्या टाक्या, मैला, घान पानी, ते सगलं मी बघतंय. तुमची गारी बघून शिकली मी."

हे तिला काकांना एकटं गाठून, समजावून सांगायचं होतं. पण डीजे तिनेच बंद केला होता, त्यामुळे ते अख्ख्या मांडवाने ऐकलं. चिमीआजी गाणं थांबवून बघायला लागली. व्याही हेमचंद्र नाकाला रुमाल लावून उभे राहिले होते. मला तर जमिनीत शिरावंसं वाटलं, आणि तेही जमिनीत काय होतं हे माहीत असूनही.

काका पोरीकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना. 

"कितीक मानसांची टाकी?" काकांनी विचारलं.

"काय?"

"तिकडची. टाकी. कितीक मानसांची?"

"तीन पलटनींची," ती म्हणाली. "दीर-दोन हजार मानसं."

"आन पंप येकच?"

"दोन. येक बंद परला तं दुसरा."

काकांनी मान हलवली. मग जरा पुढे झुकून, अगदी दबक्या आवाजात विचारलं, "मानूस उतरवतंस का आत?"

"कवाच नाय. कितीबी येल लागू दे, मानूस आत उतरनार नाय. तुमचाच नियम लावलाय."

काकांनी कमरेची चावी काढून तिच्या हातात दिली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत काढून घेतली आणि म्हणाले, "चल, दोघं जाव."

बापलेक माझ्याच स्कूटरवर आनंदनगरला गेले आणि गाडी घेऊन आले. त्यांनी ती शेतातल्या मागच्या वाटेने आणली नाही. पालेगावच्या मुख्य रस्त्याने, हॉर्न वाजवत, नाक्यावरच्या कबूतरवाल्या बॅनरखालून आणली. जिज्ञासाने साडीवरच गमबूट चढवले, हातात जाड मोजे घातले. झाकण उघडलं, पाइप सोडला, पंप धडधडू लागला. पाहुणे आधी लांब सरकले आणि मग, आपली माणसं कशी असतात, हळूहळू जवळ येऊन बघू लागले. भूपेश मांडवातून ओरडत होता, "ताई, मना बी बघू दे!" आणि चार बायांनी त्याला धरून ठेवलं होतं. चिमीआजीने पंपाच्या वरताण आवाज लावून गाणं पुन्हा सुरू केलं.

मी फिनेलची बाटली घेऊन बाजूला उभा होतो. काकांची नजर टाकीवर होती आणि तोंड सारखं चालू होतं. तिकडं उन्हान पाइप कडक होतं का? मैला नेऊन टाकतात कुठं? त्याचा खत होतो का? साबनाचा पानी वेगला काढतात का? पोरगी पाइप सांभाळत एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, मध्येच त्यांनाच काही विचारत होती, आणि काका हातवारे करून समजावत होते. इतक्या वर्षांत मी या दोघांना कामाबद्दल एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. आता थांबायला तयार नव्हते. माझे डोळे भरून आले. फिनेलमुळे असं मी बायकोला सांगितलं, ते खोटं होतं.

तेवढ्यात व्याही हेमचंद्र रुमाल खिशात घालत जवळ आले. माणूस भला, पण गोंधळला होता.

"व्याही, तुमची मुलगी मिलिटरीत हाय आसा ऐकला व्हता आमी?"

काकांनी पँटला हात पुसले. क्षणभर मला वाटलं, आता ते पुन्हा काहीतरी रचून सांगणार.

"नाय ओ व्याही," ते म्हणाले. "माझेच लायनीत हाय ती. पन इंटरनॅशनल!"

हेमचंद्रांना ते नीट कळलं की नाही देव जाणे, पण काकांनी वाट पाहिली नाही. ते पुढच्या पाहुण्याकडे गेले आणि त्याने न विचारता त्यालाही सांगितलं. मग त्याच्या बाजूच्याला, मग मटणाच्या टोपाशी उभ्या असलेल्यांना, मग चिमीआजीला. मांडवभर फिरून, मैल्याने भरलेल्या बुटांनिशी, छाती पुढे काढून ते एकेकाला गाठत होते, "ही आमची गारी. हा आमचा धंदा. आन ही माझी पोर, हाच काम जगात करते." शेवटी टाकीपाशी एका हाताने पाइप सावरत आणि दुसऱ्या दंडाला डोळे पुसत उभी असलेली जिज्ञासा ओरडली, "बाबा, मंग सांगा सगल्यांना! आधी ह्यो पाइप धरा!"